तेरा नंबरचा तारा

आज कूलरचं गवत बदलून घेतलं. नवं गवत पहिल्यांदा भिजलं की त्याचा वास दुपारभर घरात राहतो, ओल्या लाकडाचा, थोडासा गोठ्याचा. सोलापुरात उन्हाळा आला हे मला त्या वासानं कळतं. ऊन काय, ते इथं माघातही असतं. बाहेर यंत्रमागांची खटखट चालली होती. जेवणाच्या सुट्टीला ती थांबली आणि भवानी पेठ एकदम ओस पडल्यासारखी झाली. कॉलेजला सुट्टी लागलेली. घरात मी एकटी. टेबलावर लॅपटॉप, शेजारी पाण्याचा तांब्या, त्याच्यावर उपडं फुलपात्र. पंख्याच्या वाऱ्यानं फुलपात्र अधूनमधून किणकिणत होतं, आणि ते ऐकता ऐकता तो उन्हाळा आठवला.

त्याला आता सहा-सात वर्षं झाली. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा संपली त्याच आठवड्यात अव्वा गेली. अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर मंद्रूपचं, घरात ती कानडीच बोलायची, म्हणून ती 'आई' कधी झाली नाही. मी तेव्हा पुण्यात पीएच.डी. करत होते. पाहुणे गेले, पाठोपाठ मीही गेले. चैत्रात एकदा फोनवर अप्पांना, माझ्या वडिलांना, विचारलं, "जेवलात का?" तर म्हणाले, "जेवलो की." आणि बऱ्याच वेळानं, "काल."

त्याच आठवड्यात मी लॅपटॉप, एक हार्ड डिस्क आणि चार कपडे घेऊन सोलापूरला आले. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ते कुठंही बसून लिहिता आलं असतं.

तारे म्हटले की लोकांना वाटतं, ही बाई रात्र रात्र गच्चीवर बसत असेल. मी आयुष्यात फारशी जागलेली नाही. माझे तारे बघणारी दुर्बीण पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला, चिलीतल्या एका कोरड्या डोंगरावर. ती तिच्या रात्री फोटो काढायची, त्या फोटोंचे आकडे व्हायचे, आणि ते आकडे केव्हातरी माझ्या डिस्कवर येऊन पडायचे. मी ते भर दुपारी, खिडक्या लावून, ओला पंचा मानेवर टाकून बघत बसायची.

आपल्या आकाशगंगेच्या मध्याजवळचे तारे होते ते. तिथला जो उजेड डोळ्यांना दिसला असता तो आपल्यापर्यंत पोचतच नाही. वाटेत धूळ आहे, ती तो जवळजवळ सगळा खाऊन टाकते. अवरक्त किरण मात्र त्या धुळीतून निघून येतात. अवरक्त म्हणजे तांबड्याच्याही खालचा उजेड, डोळ्यांना न दिसणारा. तो काय असतो हे सोलापूरच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या घराची मागची भिंत पश्चिमेला आहे. वैशाखात दिवेलागणीला त्या भिंतीपासून हातभर लांब डोळे मिटून उभं राहा, भिंत कुठं आहे ते गालांना कळतं. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना मी त्या भिंतीवर कधीच आपटले नाही.

अप्पा रेल्वेत फिटर होते. माझं सगळं लहानपण ते कुर्डुवाडीला वर्कशॉपात. सोमवारी सकाळच्या गाडीनं जायचे, शनिवारी संध्याकाळी यायचे. रविवारी अंग चोळून आंघोळ, दाढी, झोप. मधल्या वेळात घरात जे काही मोडलं असेल त्याची दुरुस्ती. त्यांच्याशी माझं बोलणं अव्वामार्फत चाले. "अप्पांना सांग, मला कंपासपेटी पाहिजे." "तिला सांग, आणलीया." आम्ही तिघंही तेव्हा एकाच खोलीत असायचो. अव्वा दोन्ही निरोप कानडीत पोचवायची, जणू दोघांनाही मराठी येत नाही. रोज रात्री ताटं काढताना ती विचारायची, "ऊटा आता?" म्हणजे जेवण झालं का. मला लहानपणी तो मराठीतला 'आता' वाटायचा. आता जेवायचंच आहे, मग विचारते कशाला?

अव्वा गेल्यावर आमच्या दोघांमधला दुभाषाच गेला.

सकाळी मी भाकऱ्या थापायची. त्या कधी गोल झाल्या नाहीत, आणि अप्पा कधी काही बोलले नाहीत. शेंगाचटणी, दही, असलाच तर कांदा. जेवताना फक्त पंख्याचा आवाज. संध्याकाळी ते तळ्याकडं फिरायला जायचे, परत आल्यावर चपला काढत म्हणायचे, "आलो." मी म्हणायची, "हं." काही दिवस दिवसाकाठी एवढंच बोलणं झालं असेल.

पहिले पंधरा दिवस त्यांनी घर दुरुस्त केलं. गळका नळ, करकरणारी खाट, कूलरची मोटार. मग शेजारच्या पद्मक्काचा मिक्सर आणून तो उघडला. पद्मक्काचं घर तेलुगू, नवरा मागावर कामाला. ती मिक्सर न्यायला आली तेव्हा अव्वाच्या रिकाम्या गच्चीकडं बघत म्हणाली, "यंदा कुरडया न्हाई घातलीस गं अम्मा?" मी म्हटलं, मला येत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती तिच्या घरच्या परातभर देऊन गेली.

मिक्सरनंतर दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. मग अप्पा नुसते बसायला लागले. माझ्या टेबलासमोर दाराशी एक लोखंडी खुर्ची होती, तिच्यात. मी पडद्याकडं बघत असायची, ते दाराबाहेर. वाऱ्याची झुळूक आली की उंबऱ्यावरून रस्त्यावरची बारीक धूळ आत यायची, अप्पा उठून केरसुणी फिरवायचे, पुन्हा बसायचे.

माझ्या प्रबंधात मला त्या मधल्या गर्दीतून कोवळे तारे वेचून काढायचे होते. इतक्या धकाधकीच्या जागी नवे तारे कितीसे जन्मत असतील, हा प्रश्न. ज्यांची झळाळी बदलत राहते त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. कोवळा तारा ज्या धुळीतून जन्मला तिच्यातच गुंडाळलेला असतो, म्हणून तांबडा दिसतो. त्याच्यावर अजून भोवतालचा ऐवज पडत असतो, त्यामुळं त्याची झळाळी कशीही कमीजास्त होते, तिला काही ताळतंत्र नसतं. पंचाईत अशी की फार म्हातारे तारेही तांबडेच दिसतात. ते फुगत जातात, स्वतःच धूळ बाहेर टाकतात आणि तिच्याआड बसतात. त्यांचीही झळाळी बदलते, पण संथ, एका लयीत, वर्ष-सव्वा वर्षाला एक फेरी. एका फोटोवरून कोवळं कोण आणि म्हातारं कोण हे सांगता येत नाही. वर्षानुवर्षं बघावं लागतं.

मी तीन हंगामांच्या आकड्यांवरून एक्केचाळीस कोवळे तारे शोधले होते. त्यावरचा निबंध पुण्यातल्या माझ्या सरांनी आणि मी मिळून एका नियतकालिकाला पाठवला होता, आणि किरकोळ दुरुस्त्या सांगून तो पसंत झाल्याचं नुकतंच कळलं होतं. त्या निबंधाच्या भरवशावर परदेशातल्या एका संस्थेत माझी पुढच्या दोन वर्षांची जागा जवळजवळ ठरली होती. सर फोनवर म्हणाले, "महानंदा, पुढच्या चार हंगामांचे आकडे आलेत. ते घालून एकदा तपासून टाक. औपचारिकता आहे."

मोबाइलच्या नेटवर ते आकडे उतरायला चार दिवस लागले. मी यादीतल्या तेरा नंबरच्या ताऱ्यापासून सुरुवात केली, कारण तो माझा लाडका होता. एक्केचाळिसांत सगळ्यांत द्वाड. निबंधातली पहिली आकृती त्याचीच. नवे आकडे घातले, प्रोग्रॅम चालवला, स्वयंपाकघरात जाऊन ताक करून आले. येऊन बघते तर पडद्यावर उत्तर होतं: तीनशे नव्वद दिवस.

म्हणजे लय होती. संथ आणि पक्की. तेरा नंबर म्हातारा होता.

आधी कसं दिसलं नाही, ते लगेच कळलं. आकाशाचा तो भाग वर्षातले काही महिनेच नीट दिसतो, बाकीचे महिने सूर्य त्याच बाजूला असतो. आणि ह्या ताऱ्याची फेरी वर्षाहून थोडीशीच मोठी. दरवर्षी आम्ही त्याला गाठायचो ते फेरीच्या जवळजवळ त्याच तुकड्यात, जरासं मागंपुढं. सबंध फेरी कुणी पाहिलीच नव्हती. तुटक तुकड्यांवरून मी त्याचा स्वभाव ठरवून टाकला होता.

मी मान वर केली तेव्हा अप्पा खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. तोंड थोडं उघडं, बनियनला काखेत भोक, गालांवर चार दिवसांचे पांढरे खुंट. गेली आठ वर्षं मी त्यांना फक्त दिवाळीत पाहत आले होते. दिवाळीत ते गुळगुळीत दाढी करून, नवा शर्ट घालून, फराळाचं ताट मांडीवर घेऊन बसलेले असायचे. वैशाखातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी माझा बाप कसा दिसतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढचे सहा दिवस मी ह्याबद्दल कुणाशीच बोलले नाही. आधी वाटलं, प्रोग्रॅममध्ये चूक असेल. तो ओळ न् ओळ तपासला. मग वाटलं, दुर्बिणीच्या आकड्यांतच काही गडबड असेल. तेही बघितलं. आणि मग, खरं सांगायचं तर, वाटलं, कुणाला कळणार आहे? निबंध पसंत झालाय. चार-पाच वर्षांनी दुसरं कुणीतरी चूक शोधेल, तोवर मी कुठल्याकुठं असेन. हा विचार मी एकदाच केला असं नाही. रोज दुपारी तो यायचा आणि मी त्याला बसायला जागा द्यायची. सरांचा फोन आला, "झालं का तपासून?" मी म्हटलं, "चालू आहे, सर." ते खोटं होतं.

चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मी तेरा नंबरच्या सगळ्या आकड्यांचे कागद छापून आणले. कागदावर काही वेगळं दिसेल, अशी काहीतरी वेडी आशा.

सातव्या दिवशी सकाळीच लाइट गेली. अकराच्या सुमारास लॅपटॉपही बंद पडला. पंखा नाही, कूलर नाही. घरात अशी शांतता की पद्मक्काच्या नवऱ्याचे मागसुद्धा गप्प. मी कागद समोर ठेवून बसले होते.

"काय झालंय?" अप्पांनी विचारलं.

ते माझ्याशी बोलताहेत हे कळायलाच मला एक क्षण लागला.

"कुठं काय?"

"चार दिस झालं, चतकोर भाकरी खायलीस. काय झालंय?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. इतका वेळ सलग मी त्यांच्याशी कधी बोललेच नव्हते. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "मशीन काय म्हणतंय?"

"म्हातारा आहे म्हणतंय."

"आन् तू?"

"मी कोवळा म्हणून लिहून बसलेय."

"मग मशीन ठेव बाजूला. हातानं करून बघू. कागद आण."

माळ्यावर माझी अकरावीची प्रॅक्टिकलची वही होती. तिच्यात आलेखाचे कागद उरले होते, कडा पिवळ्या पडलेल्या. अप्पांनी कपाटातून स्टीलची पट्टी काढली, आणि एका बाजूनं तांबडी, दुसऱ्या बाजूनं निळी अशी ती जाड पेन्सिल. ब्लेडनं दोन्ही टोकं तासली.

मी दिवस आणि आकडा वाचायची, ते ठिपका द्यायचे. "तीनशे नव्वद दिवस झाले की परत शून्यापासून मोजायचं," मी म्हटलं.

"म्हंजे चाकासारखं. एक फेरा झाला की परत तितंच."

"हो. तसंच."

"मग एका सालाचा तांबडा, दुसऱ्याचा निळा घेतो. कळंल कुठला फेरा ते."

हे मला सुचलं नव्हतं. थोड्या वेळानं ते थांबले. "हे काय, आकडा मोठा आन् ठिपका खाली?"

"आकडा मोठा म्हणजे तारा मंद."

"हे कुणी ठरवलं?"

"फार जुन्या लोकांनी."

"उलट्या खोपडीची मानसं दिसायलीत," अप्पा म्हणाले, आणि मी हसले. त्या घरात अव्वानंतर मी पहिल्यांदा हसले. माझं मलाच ते मोठं वाटलं.

घामानं कागद ओला होऊ नये म्हणून त्यांनी मनगटाखाली रुमाल घेतला होता. दोनेक पानं झाल्यावर ठिपका देता देताच त्यांनी विचारलं, "हे तारे हायत कुठं म्हणायचे?"

"मूळ नक्षत्रात."

पेन्सिल थांबली. "तुझं नक्षत्र," ते म्हणाले.

माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, असं आमच्याकडं मानतात. मी बी.एस्सी.ला असताना दोन स्थळं त्यावरूनच परत गेली होती. तिसऱ्यांना अव्वानं सांगितलं की पत्रिका हरवली, आणि पत्रिका नाही म्हटल्यावर तेही फिरकले नाहीत. पुढं कुणी विचारलंच नाही. मी पुण्याला निघून गेले.

"तेव्हा पत्रिका हरवली, हे एक बरंच झालं," मी म्हटलं.

"हरवली न्हवती. मी फाडली."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते कागदाकडंच बघत होते.

"कुर्डुवाडीला न्हेली आन् फाडून टाकली. पोरगी शिकायलीय म्हटलं, शिकू दे. लोकं येत्यात, बघत्यात, तोंड वाकडं करून जात्यात. कशाला पायजे ते." मग पट्टी सरळ करत, "अव्वाला म्हायती होतं. पुढचा आकडा सांग."

मी पुढचा आकडा सांगितला. एकदा वाचला तो चुकीचा होता, पुन्हा वाचला. मला वाटत आलं होतं की ह्या माणसाला मी कितवीत आहे तेही माहीत नसायचं. शनिवारी यायचा, सोमवारी जायचा, आणि मधे माझ्यासाठी भांडणासारखं काहीतरी एकट्यानंच करून मोकळा व्हायचा. तिकडं, कुठल्यातरी लोखंडी आवाजात. त्याच्याबद्दल कुणाला काही सांगायचा नाही.

दोन वाजत आले तेव्हा शेवटचं पान संपलं. अप्पांनी कागद हातभर लांब धरला. "हे बघ. ह्या सालचा तांबडा त्या सालच्या निळ्यावरच बसायलाय की." मग पेन्सिलीचं निळं टोक टेकवून, पट्टी न घेता, एका दमात त्यांनी सगळ्या ठिपक्यांमधून रेघ ओढली. चढली, टेकली, उतरली, सुरू झाली होती तिथंच येऊन मिळाली. कॉम्प्युटरनंसुद्धा इतकी सुरेख काढली नव्हती. "बसलं बरोबर!" ते म्हणाले. जोड नीट बसल्यावर फिटरला होतो तसला आनंद होता तो. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"बरोबर बसलं म्हंजे तुझं चुकलं, व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

"कळवायला लागंल मग."

"कळवलं तर जागा जाईल, अप्पा. परदेशातली."

पेन्सिलीच्या सालपटांचा चुरा त्यांनी बोटानं गोळा केला, तळहातावर घेतला. "ह्यात मी सांगनं बरोबर न्हाई," ते म्हणाले. "तू गेलीस तर मला हितं करमनार न्हाई. मी 'कळव' म्हटलं तर त्यात माझा सवार्थ बी असंल. तुझं तू बघ." आणि तो चुरा टाकायला मागच्या दारी गेले, आणि कितीतरी वेळ आलेच नाहीत. त्या उन्हात, मागच्या भिंतीशी, डोक्यावर पंचा घेऊन उभे होते.

मी सरांना फोन लावला.

"नक्की?" सरांनी विचारलं.

"हो, सर. हातानंसुद्धा करून बघितलं."

"किती तारे?"

"तेरा नंबर तर नक्कीच. बाकीचे बघायचेत, पण बरेच निघतील असं वाटतंय."

मग सर म्हणाले, "ठीक आहे. पत्र लिही, मी संपादकांना पाठवतो. निबंध मागं घेऊ." आणि ठेवता ठेवता, "हे तू छापून आल्यावर शोधलं असतंस तरी चाललं असतं, महानंदा." ते विनोदानं म्हणाले की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालेलं नाही.

एक्केचाळिसांतले निम्म्याहून जास्त म्हातारे निघाले. एकेकाचं वय असं उघडं पडत गेलं आणि यादी छोटी होत गेली, ते महिनाभर चाललं होतं. परदेशातून एक सभ्य, दोन ओळींचं पत्र आलं. मी अप्पांना सांगितलं, "जागा गेली." ते "हं" म्हणाले, चपला घालून बाहेर गेले आणि एक भलंमोठं कलिंगड खांद्यावर घेऊन आले. दोघांना चार दिवस पुरलं असतं एवढं. ते कापून माझ्यासमोर ठेवलं, पण दोन दिवस माझ्या नजरेला नजर दिली नाही. त्यांना आनंद झाला होता आणि त्या आनंदाची त्यांना लाज वाटत होती. मला राग आला होता का? आला होता. कलिंगड खाता खाता आला, बिया थुंकता थुंकता थोडा कमी झाला. पुन्हा रात्री अंथरुणावर पडल्यावर आला.

पुढं सगळं साधंच झालं. आषाढात मी पुण्याला गेले. निबंध नव्यानं लिहिला, तो आधीपेक्षा लहान आणि खरा झाला, फारसा कुणी वाचला नाही. प्रबंध एक वर्ष उशिरा पूर्ण झाला. मग इथल्याच एका कॉलेजात नोकरी लागली आणि मी कायमची घरी आले. अप्पांबरोबर चार वर्षं काढली. आम्ही फार बोलायला लागलो असं काही झालं नाही. संध्याकाळी "आलो", आणि "हं". कधीतरी मी नव्या आकड्यांबद्दल काही सांगितलं तर ते ऐकून घ्यायचे आणि एखादाच प्रश्न विचारायचे, आणि तो प्रश्न नेमका अडचणीचा असायचा. गेल्या श्रावणात एका सकाळी ते उठलेच नाहीत.

त्यानंतरचा हा माझा पहिला उन्हाळा. एकटेपणाबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मला सांगता येत नाही. मोठं असं त्यात काहीच नसतं. एका भाकरीपुरतं पीठ मळता येत नाही, एवढंच असतं. कुलूप आपणच लावायचं आणि आपणच काढायचं. दही लावलं की दुसऱ्या दिवशी आंबट होतं. बाहेरून आल्यावर चपला काढताना तोंडातून "आलो"सारखं काहीतरी निघतं, आणि मग आपण आपल्यालाच ऐकू येतो. पाहुणे म्हणतात, घर विकून फ्लॅट घे. सहकारी म्हणतात, सुट्टीत कुठंतरी जाऊन ये. मी हो म्हणते आणि जात नाही. उन्हाळ्यात मूळ नक्षत्र वर येतं, तिकडच्या दुर्बिणीचा हंगाम सुरू होतो. माझे जे थोडे कोवळे तारे उरलेत त्यांचे आकडे येतात. ते बघायला कुणीतरी पाहिजे.

आज दुपारी तेच उघडले होते. एकोणतीस नंबर, यादीत टिकलेल्यांपैकी एक, इतकी वर्षं अगदी गरीब. कधी थोडा उजळायचा, कधी मंदावायचा, कुणाचं लक्ष जाणार नाही असा. ह्या हंगामात त्याची झळाळी एकदम चढली होती. तिपटीहून जास्त. मी फोटो उघडून पाहिले. शेजारच्या ताऱ्याचा उजेड सांडलाय का पाहिलं, कॅमेऱ्याचा दोष आहे का पाहिलं, आधीच्या हंगामांशी, त्यांच्या आधीच्या हंगामांशी लावून पाहिलं. घाई मी आता करत नाही. पाच वाजेपर्यंत सगळं तपासून झालं. खरं होतं. भोवतालचा मोठा घास त्या पोरानं एकदम गिळला होता आणि भडकला होता. कोवळे तारे असं करतात, पण आपल्या यादीतल्यानं करावं आणि ते सगळ्यांत आधी आपण बघावं, हे माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

मी उठले. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. पाणी प्याले. सरांना फोन लावला, तो लागला नाही. मग दार उघडून बाहेर आले. ऊन कललं होतं, पण रस्ता अजून तापलेलाच. मागांची दुसरी पाळी सुरू झाली होती. पद्मक्का तिच्या पायरीवर सावलीत बसून विड्या वळत होती. सुपात तंबाखू, कापून ठेवलेली पानं, बोटं आपली आपण चाललेली.

"काय गं अम्मा, तोंड असं काय झालंय? बरं हाय न्हवं?"

"बरं आहे, पद्मक्का. एक तारा सापडला. म्हणजे होताच, पण आज एकदम उजळला. खूप. अजून कुणाला माहीत नाही."

"चांगलं हाय का ते?"

"फार चांगलं आहे."

तिचा चेहरा एकदम फुलला. मला मुलगा झाल्याचं सांगितलं असतं तरी एवढा फुलला नसता. "व्हय? अप्पाला सांगितलीस?"

बोटं थांबली. पान अर्धं वळलेलं तसंच राहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि जीभ दातांत धरली.

"नाही," मी म्हणाले. "आत्ताच कळलं."

मांडीवरचं सूप उचलून तिनं पलीकडं ठेवलं, पदरानं पायरी झटकली, आणि जराशी सरकली.